मराठीतला ‘वा’

काहीही आवडलं की आमचे शेजारी मान डावीकडे कलती करत, डोळे मिटत आणि मोठ्यांदा म्हणत, “वा! वा!” आपल्या गावी, साताऱ्यात राहिले असते तर या सवयीने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते चेन्नईत राहत होते, अण्णा नगरला, आमच्या खालच्या मजल्यावर. आणि तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’.

कोपऱ्यावर कॉफीचा पहिला घोट घेऊन ते “वा!” म्हणाले की कॉफीवाला हातातलं काम टाकून पुढ्यात हजर. रेल्वेच्या त्यांच्या ऑफिसात एकदा मोठ्या साहेबांचं भाषण संपलं आणि यांनी पहिल्या रांगेतून “वा! वा!” केलं. कारकुनाने आपल्याला एकेरीत बोलावलं म्हणून साहेब दोन दिवस फुगून बसले. वीस वर्षांत यांचं तमिळ भाजी आणि बस यांच्यापुढे सरकलं नाही. विचारलं तर म्हणत, “आपण मनापासून बोलावं. समजणाऱ्याला समजतं.”

त्यांची एकुलती एक मुलगी मात्र भांडायचीसुद्धा तमिळमध्ये. तिला तांबरमच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिने हॉस्टेलवर राहायचं ठरवलं. घरापासून फार तर दीड तास. पण यांनी तयारी अशी केली, की पोरगी जणू परत येणारच नाही. खरं सांगायचं तर त्यांना तीच भीती होती.

हॉस्टेलच्या यादीत एक बॅग, एक बादली आणि एक गादी होती. यांच्याकडे अकरा नग झाले. मेतकुटाचा डबा, पोळपाट-लाटणं, नायलॉनची दोरी, टॉर्च, आणि तो हरवला तर शोधायला दुसरा टॉर्च. मुलगी सामान काढायची, हे पुन्हा भरायचे.

“अप्पा, कुकर वेण्डाम!”

“नको कसा? भात कशात शिजवशील?”

“मेस आहे, अप्पा!”

“मेसच्या भाताचा काय भरवसा?”

गाडी माझी, त्यामुळे मीही वरातीत. सामान भरल्यावर वहिनींना जागाच उरेना. “कुकर उतरवा, मी बसते,” त्या म्हणाल्या. हे क्षणभर विचारात पडले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी वहिनी कुकर मांडीवर घेऊन तांबरमपर्यंत आल्या.

लेकीला धीर यावा म्हणून यांनी खोलीतल्या एकेका वस्तूचं कौतुक सुरू केलं. कपाट उघडलं, “वा!” पंखा लावला, “वा! वा!” शेजारच्या खोलीतून एक मुलगी आली, मागोमाग तिची आई, मग समोरच्या चौघी. “कूप्पिट्टींगळा?” बोलावलंत का, असं सगळ्या विचारू लागल्या. यांनी घाईघाईने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला. पाच मिनिटांत पोरीला अख्खा मजला ओळखू लागला, आणि यांचा चेहरा पडला. तिचं आता इथे जमणार होतं.

संध्याकाळी पालकांना बाहेर जायला सांगितलं. वॉर्डनने परत पाठवलेला कुकर पुन्हा मांडीवर घेऊन वहिनी गाडीत डोळे पुसत होत्या. आम्ही दोघे फाटकापाशी उभे होतो. मुलगी निरोप घेऊन आत निघाली, दहा पावलं गेली असेल. हे इमारतीकडे बघत हळूच म्हणाले, “वा.”

“हो, छान आहे हॉस्टेल,” मी म्हटलं.

पोरगी मात्र गर्रकन वळली आणि धावत आली.

“काय अप्पा? मराठीतला वा, की तमिळमधला?”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “मराठीतला. इमारत चांगली आहे म्हटलं. जा तू.”

तिने त्यांची बाही धरली, जरा वेळाने सोडली आणि गेली.

निवृत्त होऊन ते आता साताऱ्याला असतात. फोनवर मी अजून छेडतो, तर म्हणतात, “मराठीतलाच होता हो!” असेल. पण मी शेजारीच उभा होतो. चेन्नईतल्या सगळ्या वर्षांत तेवढा एक शब्द ते अगदी अचूक तमिळ बोलले.