डेअरीतले मेलवाले साहेब

दूध साचलं की नासतं, किस्से साचले की त्यांवर साय धरते. बीडच्या आमच्या डेअरीत पुण्याहून नवे मॅनेजर साहेब आले आन् लई जाड साय धरली!

आल्या आल्या साहेबांचा सगळ्यांना मेल: "प्रत्येक मेलच्या शेवटी 'वॉर्म रिगार्ड्स' लिहावे." साहेब बसायचे माझ्या टेबलामागं, प्लायवूडच्या पलीकडं. टाइप करतानाचा त्यांचा खोकलासुद्धा मला ऐकू येत होता.

बप्पा आमचा सुपरवायझर, धारूरचा गडी. ऐन उन्हाळ्यात पाली गावच्या दूध केंद्रातलं कूलिंग मशीन बंद पडलं. बप्पानं मेल टाकला: "आदरणीय साहेब, मशीन बंद. सगळं दूध नासलं. वॉर्म रिगार्ड्स."

साहेब लालेलाल! "ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टा न्हाई साहेब. थंड रिगार्ड्स असते तर दूध वाचलं असतं की!"

मेलमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं लिहिणं म्हणजे वरिष्ठांवर ओरडणं, हेही साहेबांनीच आमाला समजावलं. समजावताना आवाज असा चढला की समोरचा चहावाला धावत आला. "कुनाची म्हैस सुटली का?"

अकाउंटच्या सुमनताईंनी सुट्टीचा मेल केला: "घरगुती काम." साहेबांनी 'रिप्लाय ऑल' दाबून सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "कारण अस्पष्ट. तपशील द्या." ताईंच्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न, त्यात ही अडवणूक! ताईंनीबी 'रिप्लाय ऑल' दाबलं: "मुलीला बघायला लिंबागणेशचे पाहुणे येणार. मुलगा शिक्षक. पोहे की उपमा, अजून ठरलं नाही. आणखी तपशील लागत असेल तर सहकुटुंब यावे."

लगेच उत्तर आलं. "ओके."

साहेब मेल पाठवायचे लई, हेड ऑफिसचा आलेला मात्र उघडायचे न्हाईत. एकदा तिथनं बदलीचा मेल सगळ्यांना आला. आमी शाल, नारळ, जिलबी आणली. दुपारी साहेब बाहेर येऊन बघतात तर खुर्च्या मांडलेल्या.

"अरे वा! निरोप समारंभ?"

"व्हय साहेब. तुमी दोन शब्द बोला," बप्पा म्हणाला.

साहेब खुलले. बोलतच सुटले. "बदली म्हणजे शिक्षा नव्हे! जाणाऱ्यानं मागं वळून पाहू नये, हसत हसत जावं!"

टाळ्या पडल्या. सुमनताई उठल्या, शाल उलगडली आन् साहेबांच्याच खांद्यावर टाकली.

साहेब शालीकडं बघत राहिले.

"हसा की साहेब," बप्पा म्हणाला.