पायपुसण्यातले मोर

आमच्या घरात पायपुसणं विकत आणायला कुणाचीच हरकत नव्हती. पण त्यासाठी औरंगपुऱ्यात जायचं, स्कूटर लावायला जागा शोधायची, आणि मी तर नुकताच रिटायर झालेलो. शिवाय जुन्या टॉवेलचं पायपुसणं कसं करायचं, याचा व्हिडिओ मी तीनदा बघितला होता. (तीनदा बघितला की माणसाला ते येतंच, असा माझा समज होता.)

सुमन, म्हणजे आमची ही, दोन दिवस बहिणीकडं बजाजनगरला गेली होती. मी दिवाण उघडला. तळाला चार टॉवेल सापडले. घडीवर पिवळे पडलेले, वर हळदीकुंकवाचे डाग. यापेक्षा जुनं काय असणार? त्यातला एक तर पोपटी, वर जांभळे मोर! असला टॉवेल कोण वापरतं? कापला.

पट्ट्या काढल्या, तीनपेडी वेणी घातली, दाभणानं गोल गोल शिवत गेलो. व्हिडिओत ते सपाट होतं. माझं मधोमध फुगून टोपीसारखं झालं. मग रात्रभर गॅसच्या टाकीखाली दाबून ठेवलं. सकाळी मोरीच्या दारात अंथरलं आणि दोनदा विनाकारण पाय धुऊन आलो.

तेवढ्यात सुमन आली, आणि तिच्या मागोमाग आमचे व्याही. म्हणजे आमच्या लेकीचे, सरिताचे सासरे. दौलताबादहून पेरूची पिशवी घेऊन, लग्नानंतर पहिल्यांदाच. चहा झाला, व्याही अंघोळीला गेले.

पाण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला, तरी माणूस बाहेर येईना.

"पाव्हणं, काय पाहिजे का?"

"नाय नाय. काय नाय."

आणि दार उघडून व्याह्यांनी चक्क उडी मारली! पायपुसण्यावरून, थेट पाण्याच्या पिंपापर्यंत. साठीच्या माणसानं! आणि ते बैठकीत जाऊन बसले. मला काही कळेना. मी पायपुसणं उचलून झटकलं, खाली झुरळ-बिरळ आहे का बघितलं. सुमन बघायला आली आणि भिंतीला टेकली.

"अहो, हे मोर कुठून आणले?"

"दिवाणातून. जुने टॉवेल होते ना."

"जुने? आहेराचे होते ते! आणि हा मोरांचा तर सरिताच्या लग्नात पाव्हण्यांनीच तुमच्या खांद्यावर टाकलेला. त्यांचा मान तुम्ही मोरीच्या दारात अंथरला. आता पोरीनं सासरी तोंड कसं दाखवायचं?"

पोह्यांची बशी घेऊन मी व्याह्यांसमोर बसलो. ते पंख्याकडं बघत होते, मी पोह्यांकडं.

"पाव्हणं, एक बोलायचं होतं."

"मलाबी."

"मग आधी तुम्ही बोला."

व्याह्यांनी घसा साफ केला. "चूक झाली बघा आमची. लई शरम वाटते. त्यो मोरांचा टॉवेल साखरपुड्यात तुम्हीच आम्हाला दिला होता. लग्नाच्या गडबडीत घरच्यांनी त्योच काढून दिला, अन् म्या तुमच्याच खांद्यावर टाकला. तुम्ही वळखलं. म्हणून पायाखाली टाकून दाखवलं, व्हय ना?"

मी तोंड उघडलं. स्वयंपाकघरात सुमननं जोरात पातेलं आपटलं. मी तोंड मिटलं. (साखरपुड्यात आम्ही तो कुणाकडून आलेला पुढं ढकलला होता, हे मलाही आठवेना आणि सुमनलाही. आहेराची घडी आमच्याकडं उघडतंय कोण?)

"जाऊ द्या हो," मी म्हणालो, "घरचीच माणसं आपण." आयुष्यात इतका मोठ्या मनाचा मी पहिल्यांदाच झालो होतो. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरिताला आम्ही लेकीगत ठेवू, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

आता जाताना त्यांना टॉवेल-टोपी द्यायला हवी. टोपी होती. टॉवेल मी कापलेले. सुमन आत गेली, इस्त्रीचा वास आला, आणि तिनं आणलेला पांढराशुभ्र टॉवेल मी व्याह्यांच्या खांद्यावर टाकला.

"ऊबदार हाय," व्याही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी मोरीतूनच हाक मारली, "अगं, माझा टॉवेल?"

"पाव्हण्यांना दिला की काल."

"मग मी अंग कशानं पुसू?"

"पायाखाली बघा. चार आहेत."

उचललं आणि पुसायला लागलो. आहेराचा टॉवेल पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडं करतो, हे मला तेव्हा, मोरीच्या दारात उभ्या उभ्या वाळताना कळलं!