इरफानला फिरवून आणलं

मी गावाकडं आलो की माधवनगरच्या कट्ट्यावर पोरं हमखास म्हणतात, "पश्या, तिकडचं एखादं सांग की!" इंग्लंडात वर्षभर शिकलो म्हणजे माझ्याकडं पोतंभर किस्से असणारच, अशी त्यांची समजूत. आणि आहेतही. किस्सा घडतो तेव्हा आपली पाचावर धारण बसलेली असते, आणि चार वर्षांनी तोच सांगून आपण लोकांना हसवतो. माझी गंमत अशी, की माझे सगळे चांगले किस्से एकाच शनिवारचे आहेत. पोरं हसून लोळतात. त्यांना मी अर्धेच सांगतो. आज सगळे सांगून टाकतो, कारण परवा मिरजेला जाऊन आलोय आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आम्ही चौघं एकाच युनिव्हर्सिटीत होतो. दिग्विजय, म्हणजे दिग्या, कोरेगावकडचा. त्याच्या घरात आज्जा, बाप, चुलता सगळे फौजेत. प्राजक्ता जत तालुक्यातली. इरफान मिरजेचा, त्यांच्या घरी तीन पिढ्या तंबोरे बनवतात. आणि मी. चौघांना मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एकत्र आलो आणि एकाच घरात राहिलो.

* * *

गुरुवारी सकाळी इरफानच्या थोरल्या भावाचा, सलीमभाईचा मला फोन आला.

"पश्या, अब्बांना अॅटॅक आलाय. आयसीयूत हायत. इरफानला यातलं काय बी कळू द्यायचं न्हाई. सोमवारी त्याचा शेवटचा पेपर हाय न्हवं?"

"व्हय."

"तेवढा होऊ दे. दर शनिवारी तो अब्बांना व्हिडिओ कॉल करतो. या शनिवारी मी त्याला काय दाखवू? दोन दिवस कुठंतरी फिरवून आण त्याला. एवढं कर."

मी "बरं" म्हणालो. दोन सेकंदसुद्धा विचार केला नाही! आपल्याकडं असंच करतात हो. पोरगं परीक्षेला बसलंय ना, मग घरात कुणी का जाईना, त्याला सांगायचं नाही. माझी आत्या गेली ते मला बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर देऊन आल्यावर कळलं. मी रडलो, आणि मग सगळे म्हणाले, "बघ, पेपर तर चांगला गेला." मलाही ते तेव्हा पटलं होतं.

मी दिग्याला आणि प्राजक्ताला सांगितलं. दिग्या म्हणाला, "बरोबर हाय भाईचं." प्राजक्ता मात्र भडकली. "बाप कुणाचा हाय? त्याचा का तुमचा? सांगून टाका त्याला. जायचं का पेपर द्यायचा ते त्याचं तो ठरवंल."

दोन विरुद्ध एक. लोकशाही! प्राजक्ता हरली.

आता आमच्या अकलेची कमाल बघा. पेपर बुडू नये म्हणून आम्ही त्याला पेपरच्या दोन दिवस आधी पुस्तकांपासून उठवून स्कॉटलंडला न्यायला निघालो. इरफान म्हणाला, "येडे झालाय का रं? मला अभ्यास हाय." वर्षभर या दिग्यानं कोपऱ्यावरच्या दुकानात सोबत यायचा कंटाळा केला. तोच आता म्हणतो, "गड्या, तुझं डोकं तापलंय. हवा खायला पायजे तुला." शेवटी आम्ही त्याचं पुस्तक त्याच्याच बॅगेत भरलं आणि शुक्रवारी त्याला गाडीत घातला.

* * *

दिग्यानं मोहीम आखली होती. फौजी घरातला ना! त्यानं नकाशा बघून असा डोंगर शोधला, की जिथं मोबाईलला रेंजच नाही. "शनिवारी सकाळी हितं नेऊ. फोन लागणारच न्हाई. विषयच संपला."

शनिवारी सकाळी आम्ही डोंगर चढलो. वर एक पडका किल्ला होता. धापा टाकत पोहोचलो आणि मी हळूच फोन बघितला. रेंज नाही. दिग्यानं बघितला, नाही. प्राजक्ताचाही गेलेला. दिग्यानं मला डोळा मारला.

तेवढ्यात इरफान ओरडला, "आयला, हितं फुल रेंज हाय!"

त्याचं सिमकार्ड वेगळ्या कंपनीचं होतं. म्हणजे ज्याला कळू द्यायचं नव्हतं त्याचा फोन चालू, आणि ज्या तिघांना सलीमभाई काही कळवणार होता ते तिघं आंधळे. मोहीम फत्ते! दिग्याला मी तिथंच शिव्या घातल्या, पण मनातल्या मनात, कारण इरफान शेजारी उभा होता.

* * *

इरफाननं त्या किल्ल्यावर वीसेक फोटो काढले. दिग्याचा छातीवर हात बांधून, माझा दगडावर बसून, त्याचा स्वतःचा दोन्ही हात पसरून. ते सगळे त्यानं तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकले.

आणि मिरजेहून धडाधड उत्तरं! मामूचा अंगठा. चुलतभावाचं "एक नंबर!" खालाकडून तीन बदाम. मला दिसत होतं की ही सगळी माणसं हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हे पाठवतायत. सलीमभाईनं सगळ्यांना बजावलं असणार, की काही झालं तरी नेहमीसारखं वागा. पण नेहमी त्या ग्रुपवर कुणी उत्तरच देत नव्हतं!

इरफान खूश झाला. "फुफी बघ की रं, तिला मेसेज टाइप करता येत न्हाई, तरी फूल पाठवलंय. आज आख्खं खानदान ऑनलाइन हाय. ईद हाय का काय?"

आम्ही हसलो. काय करणार?

* * *

उतरताना वाटेत मेंढरं लागली. हिरव्यागार उतारावर शंभरभर असतील. प्राजक्ताचे आजोबा जतमध्ये मेंढरं राखायचे. तिकडं चाऱ्यासाठी चार चार महिने घर सोडून फिरायचं, हे तिनं लहानपणी बघितलेलं. ती उभी राहिली. "काय नशीब घिऊन आल्यात मेंढरं," असं म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. साधं डोळे भरून येणं नव्हे, हुंदके!

मला माहीत होतं ती कशासाठी रडतेय. सकाळपासून तोंड दाबून चालत होती बिचारी. इरफानला वाटलं, घरची आठवण आली. तो तिच्याजवळ गेला आणि खिशातून स्वतःचा फोन काढून तिच्यापुढं धरला.

"रडू नको ग. घरी लाव फोन. तुझ्याला रेंज न्हाई, माझ्यावरनं लाव. तुझ्या वडलांशी बोल, बरं वाटंल."

प्राजक्तानं माझ्याकडं असं बघितलं, की मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. नाडी सुटलेली नव्हतीच.

* * *

खाली समुद्राकाठी एक लहान गाव होतं, तिथं एक वस्तुसंग्रहालय. दिग्या म्हणाला, आत फोन बंद ठेवायला लावत असतील, चला. तसं काही नव्हतं. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात तंबोरा उभा!

इरफान पळतच गेला. काचेला नाक लावून दोन मिनिटं बघत राहिला. मग म्हणाला, "घोडी उलटी बसवलीय." म्हणजे भोपळ्यावरची ती लहान पट्टी, जिच्यावरून तारा जातात. "अशानं हा जन्मात बोलणार न्हाई. अब्बांनी बघितलं तर झीट यील त्यांना."

तिथं एक म्हातारी बाई देखरेखीला बसली होती. इरफान तिला इंग्रजीत सांगायला लागला, माझे वडील हेच बनवतात, मिरजेला. ती म्हणाली, "हाऊ लव्हली," आणि तिनं एक फॉर्म दिला. पठ्ठ्यानं पानभर लिहिलं. खाली रकाना होता, अधिक माहितीसाठी कुणाशी बोलावं. तिथं त्यानं अब्बांचं नाव आणि अब्बांचा नंबर लिहिला. "फोन येऊ दे की रं स्कॉटलंडवरनं! पेठेत सांगत फिरतील महिनाभर."

दिग्या तोंड फिरवून एका फुटक्या मडक्याकडं बघत होता.

आणि मग इरफान म्हणाला, "थांब, आत्ताच दाखवतो अब्बांना." मी "नंतर कर की" म्हणेपर्यंत त्यानं व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. तिथं सकाळचे साडेअकरा, म्हणजे मिरजेत दुपारचे चार वाजले असतील. बराच वेळ रिंग गेली. मग सलीमभाईनं उचलला, कॅमेरा बंद ठेवून.

"अब्बा झोपल्यात रे."

"चार वाजता? दुकान सोडून?"

"जरा सर्दी झालीय. रात्री कर."

"भाई, हितं तंबोरा हाय. उठव की त्यांना, दोन मिनिटं."

"झोपू दे रे, इरफान." आणि फोन कट.

इरफान फोनकडं बघत म्हणाला, "अब्बा दुपारचं कधीपासून झोपायला लागले?" मी म्हणालो, "वय झालं." माझ्या तोंडातून इतकं सहज कसं निघालं, याची मला आजही लाज वाटते.

* * *

त्या गावात आमच्याही फोनला रेंज आली होती. तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे मिरजेत संध्याकाळ उलटल्यावर, इरफाननं आम्हाला आइस्क्रीम घेतलं. चार कोन. आम्ही समुद्राकडं तोंड करून बाकावर बसलो आणि माझा फोन थरथरला.

सलीमभाईचा मेसेज. "अब्बा गेले. दफन आज रात्रीच. आता तर अजिबात सांगू नको. पेपर होऊ दे."

मी फोन दिग्याकडं सरकवला, दिग्यानं प्राजक्ताकडं. इरफान आमच्या पलीकडं उभा राहून समुद्रपक्ष्यांना हुसकावत होता.

"आता तरी सांगू," प्राजक्ता कुजबुजली.

"सांगून काय हुणार? विमान धरलं तरी माती मिळायची न्हाई त्याला," दिग्या म्हणाला. "गप खा ते आइस्क्रीम. न खाल्लं तर वळखंल."

आम्ही खाल्लं. तिघांनी, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग इरफाननं एका गोऱ्याला फोन देऊन चौघांचा फोटो काढायला लावला. त्यात तिघं हसतोय, दिग्याच्या मिशीला आइस्क्रीम लागलंय. प्राजक्ता हसत नाही. इरफान म्हणाला, "हिचं आज बिनसलंय."

* * *

त्या रात्री इरफाननं पुन्हा फोन लावला तर सलीमभाईनं 'औषध घेऊन झोपल्यात' म्हणून टाळलं, आणि रविवार परतीच्या प्रवासात आणि पुस्तकात गेला. सोमवारी पेपर सुटला तेव्हा आम्ही तिघं हॉलच्या दारात उभे. इरफानची बॅग भरून आणलेली, विमानाचं तिकीट काढलेलं. तो हसत बाहेर आला. "सोपा होता रं! फिरून आलो ते बरं झालं, डोकं मोकळं होतं."

बॅग बघून थांबला. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

तो एवढंच म्हणाला, "कवा?"

"शनिवारी."

त्यानं फोन काढला. मला वाटलं घरी लावतोय. पण त्यानं शनिवारचे फोटो उघडले आणि एकेक करून सरकवायला लागला. किल्ला. मेंढरं. तंबोरा. बाकावरच्या फोटोशी थांबला आणि तो माझ्यापुढं धरला.

"ह्यो अब्बांच्या आधीचा का नंतरचा?"

कट्ट्यावरच्या पोरांना मी हा किस्सा कधीच सांगितलेला नाही.

* * *

इरफानला त्या पेपरात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. नोकरी त्यानं तिकडं केली नाही. मिरजेला परतला आणि भावाबरोबर दुकानात बसला. आमच्याशी वर्षभर बोलला नाही. मग ईदला अचानक त्याचा मेसेज आला, आणि हळूहळू पुन्हा सुरू झालं.

परवा मी पहिल्यांदाच त्याच्या दुकानात गेलो. त्याच्या अम्मीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, तुमच्यामुळं पोराचं वर्ष वाचलं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. इरफान चहा सांगायला कोपऱ्यावर गेला आणि दुकानात मी आणि सलीमभाई दोघंच उरलो. तो भोपळा घासत होता. घासता घासता थांबला.

"पश्या, एक बोलू? चार वर्षं कुणाला बोललो न्हाई. अम्मीला बी न्हाई."

"बोला की भाई."

"अब्बा शुद्धीत होते रे."

मला आधी कळलंच नाही.

"शनिवारी सकाळी वॉर्डात आणलं होतं त्यांना. चांगले बोलत होते. आत एकालाच सोडत होते, तवा मीच होतो, बाकी सगळे खाली जिन्यात. इरफानचा फोन वाजला तवा अब्बांचा मोबाईल माझ्या हातात. अब्बा म्हणाले, इरफान हाय का रे, दे इकडं. मी म्हटलं, न्हाई अब्बा, कंपनीचा फोन हाय. आणि बाहेर जाऊन उचलला. मला वाटलं, त्यांना असं बघून पोरगं पेपर सोडून येतंय. रात्री बोलतील की, असं वाटलं. मग सगळ्यांना सांगून टाकलं, की गुरुवारपासून शुद्धच नव्हती."

इरफान चहा घेऊन आला. सलीमभाई तोंड धुवायला मागं गेला.

"काय म्हणत होता भाई?"

"काय न्हाई. धंद्याचं."

आम्ही चहा प्यायलो. इरफान म्हणाला, "पश्या, मी तुम्हाला लय शिव्या दिल्या त्या वर्षी. वाटायचं, पश्यानं सांगितलं असतं तर एकदा तरी बोललो असतो अब्बांशी. मग एक दिवस भाईनं शपथ घेऊन सांगितलं, की ते शुद्धीतच नव्हते. तवा म्हटलं, तुम्ही सांगून तरी मी कुणाशी बोलणार होतो? त्या दिवसापासून झोप लागायला लागली."

मी कप खाली ठेवला.

"तुला तर भाई रोज फोन करत होता," तो म्हणाला. "नव्हते न्हवं रे शुद्धीत?"

मी म्हणालो, "नव्हते."