गाडीत बसून गाणारी जिक्रा

रेहान ड्रायव्हर वारला असं जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत सांगितलं. आपल्या गावच्या माणसांनी त्याला अंघोळ घातली, कफन केलं, माती दिली. सगळ्यांचे उपकार आहेत, अल्ला त्यांचं भलं करो. पण मला आत जाऊ दिलं नाय कारण आत पुरुष होते. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली.

मी चौथी शिकलेली. माझ्या इकराच्या कम्प्युटरवर एका बोटाने टाइप करते, जसं बोलते तसंच. इकराला विचारलं की हे बरोबर आहे का तर ती बोलते, मम्मी, जस्ट टाइप. तिला मराठी सगळं समजतं पण वाचता येत नाय, म्हणून चुका तशाच राहतील.

दोहात ज्यांच्या ज्यांच्या पोरींच्या मेहंदीला जिक्रा गायली त्या सगळ्या बायांना हे पाठवते. ती जिक्रा आणि हा रेहान एकच माणूस. पासपोर्टवर रेहान, माझा भाऊ. खरी माझी धाकटी बहीण. मी तिला बहीणच बोलणार, कोणाला आवडो नावडो.

आमचं गाव खाडीकडचं, रत्नागिरी जिल्ह्यात. आमची आय लग्नातली गाणी गायची. हळद असो, मेहंदी असो, आयला बोलावणं यायचंच. तिला वाटायचं मी शिकावं. मला चाल धरताच यायची नाय. आय बोलायची, ताहेरा, तू भांडी घास, तेच सुरात वाजतात. शिकली ती धाकटी. आयच्या मांडीला टेकून बसायची आणि एकदा ऐकलं की पाठ. मोठी झाली, ओठावर मिशी फुटायला लागली, तेव्हा एका लग्नात कोणीतरी बाई बोलली, एवढा घोडा झाला, बायकांत काय करतो, जा बाहेर बापयांत. ती उठली, बाहेर गेली. बाहेर गेली ती गेलीच. खिडकीखाली उभी राहून ऐकायची.

आयने मला मागाहून सांगितलेलं की दुसरी पण पोरगी होईल असं तिला वाटत होतं. नाव पण ठरवलेलं, जिक्रा. झाला रेहान. नाव तसंच पडून राहिलं. ते हिने उचललं. पहिल्यांदा मलाच सांगितलं, विहिरीवर. मोठी बहीण म्हणून मला बूबू बोलायची. बूबू, मी जिक्रा आहे. मी बोलली, गप बस, आय मारील. पण मला नवल काय वाटलं नाय. मी तिला लहानपणापासून बघत होती.

माझं लग्न खलीलशी झालं, तो इथे दोहात हार्डवेअरच्या दुकानात क्लार्क. गावात तिच्या चालण्यावरून, बोलण्यावरून पोरं मागे लागायची, दगड मारायची. म्हणून मीच खलीलच्या मागे लागली की हिला इकडे आणा. अठ्ठ्याण्णव साली घर-ड्रायव्हरचा व्हिसा मिळाला. अल गराफात एक जपानी इंजिनियर राहायचा, गॅसच्या कंपनीतला, त्याच्या घरी. गेटजवळ छोटी खोली, आत एसी, बाथरूम वेगळं. ती बोलली, बूबू, दरवाजाला आतून कडी आहे. त्याची तिला केवढी खुशी. गावात आमच्या घरी एकाही दरवाजाला आतून कडी नव्हती.

त्याच वर्षी रुकैयाचाचीच्या मोठ्या पोरीचं लग्न निघालं. रुकैयाचाचीला तुम्ही सगळ्या ओळखता, आपल्या बायांत तिचा शब्द चालतो. मेहंदीला गाणी गाणारी म्हातारी गावाहून येणार होती, तिचा व्हिजिट व्हिसा झालाच नाय. आणि आम्ही इकडच्या बाया, एकीला पण अख्खं गाणं येईना. अर्धं गाणं बोलायचं आणि मग हसायचं. रुकैयाचाचीचं तोंड पडलं. बोलली, पोरीची मेहंदी काय मयतासारखी करायची?

माझ्या तोंडून निघून गेलं की माझी एक चुलत बहीण आहे, छान गाते, पण कडक पडद्यातली, कोणासमोर येत नाय.

मग आम्ही असं केलं. जिक्राने साहेबाची लँडक्रूझर आणली, काळ्या काचांची. चाचीच्या घराच्या खिडकीला लागून उभी केली. खलीलने दुकानातून लांब वायर आणली, एसीच्या बाजूच्या फटीतून बाहेर काढली आणि माइक गाडीत दिला. स्पीकर आत बायांच्या खोलीत. सगळ्यांना सांगितलं की बहीण मागे बसलीय, पुढे भाऊ गाडी घेऊन आलाय. खलील वायर जोडताना मला बोलला, ताहेरा, मी फक्त वायर टाकतोय. बाकी मी काय बघितलं नाय.

काच वर करून गाडीत कोंडून ती गायली. आयचीच गाणी, आयच्याच चालीवर. आत बाया एकेक रडायला लागल्या, मग नाचल्या. मी मध्ये सरबत घेऊन गाडीपाशी गेली. घामाने भिजलेली, माइक हातात. बोलली, बूबू, नाचतात का? कोण नाचतं? नवरीने कुठला रंग घातलाय? मला सांग ना. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हिरवा घातलाय, आरशांचा. चाची पण नाचली, गुडघे धरून. ती हसली आणि बोलली, एकदा मला आत बसायचं आहे, बूबू. हातावर मेहंदी घेऊन, सगळ्यांच्या मध्ये. एकदाच.

ते तिचं एकच मागणं होतं. दुसरं काय मागितलंच नाय तिने.

मग प्रत्येक मेहंदीला गाडी यायला लागली. जुनी गाणी संपली तेव्हा तिने स्वतः करायला सुरुवात केली. गाडी चालवता चालवता जुळवायची. सासू व्हिजिटवर आली आणि जायचं नावच काढत नाय, ते गाणं तुम्हाला आठवत असेल, त्यावर तर सासवा पण हसायच्या. आणि दुसरं ते,

एसीच्या खोलीत नवरी बसली,
अंगाला घाम नाय, डोळ्याला पाणी,
कोणी सांगा गं तिच्या आयला,
पोर सुखात आहे, नुसती सुखात आहे.

हे गाणं आपल्या बायांनी गावाला नेलं. कॅसेट अशी झाली की जपानी मॅडमकडे गाण्याचं मशीन होतं, त्यात नुसतं म्युझिक वाजतं आणि आपण माइकमध्ये गायचं, आणि ते टेप पण होतं. मॅडमने हिला एकदा गॅरेजमध्ये गाडी धुताना ऐकलं. घरात बोलावून गायला लावलं. त्यातून कॅसेट झाली, एकीच्या दहा झाल्या, सुटकेसमधून रत्नागिरी, दापोली, मंडणगडला गेल्या.

आणि एक दिवस आयचा फोन आला. कशीय, कसा आहे, आणि मग बोलली, ताहेरा, ती दोहाची जिक्रा कोण गं?

मी बोलली, का?

आय बोलली, काय गाते. अगदी माझ्यासारखी. नाव पण माझ्या आवडीचं. कुणाची पोर आहे ते बघ आणि आपल्या रेहानसाठी विचार.

मला हसू पण येईना, रडू पण येईना. मी बोलली, आय, तिचं लग्न झालंय.

कुणाशी?

आहे कोणीतरी.

कोणीतरी म्हणजे काय? तू मेहंदीला नव्हतीस?

तेव्हा मी आजारी होती, बोलली.

आय चिडली. बोलली, चांगली पोर सांभाळता आली नाय तुम्हाला, रेहान तिथेच होता, डोळे फुटलेले का त्याचे? मी हे जिक्राला सांगितलं. ती खूप हसली, पोट धरून हसली. मग बोलली, बघ बूबू, आयला मी पसंत आहे. आणि हसणं तिथेच संपलं. कारण आय आता थांबणार नव्हती. जिक्रा नाय तर दुसरी. गावाला गेली की बोहल्यावर चढवणार, आणि ते तिला करायचं नव्हतं. कुणाच्या पोरीला फसवणार नाय, बोलली. म्हणून सुट्टी मिळाली तरी ती गावाला जायची नाय. इथे गाडीत कोंडलेली आणि तिथे घरी पण जाता येत नाय.

ती खरी बाई आहे हे मॅडमला कळलं होतं. मॅडमने एकदा तिला एक व्हिडिओ दाखवला, त्यांच्या देशातली एक गाणारी. मॅडम बोलली, ही मुलगा म्हणून जन्मली, आता अशी गाते, गाणी पण स्वतःच लिहिते, सगळ्यांना माहीत आहे तरी लोक तिची गाणी विकत घेतात. जिक्रा माझ्याकडे आली ती तेच सांगत. बूबू, स्टेजवर, लाइटमध्ये, लांब झगा. आणि समोर लोक बसलेले. मला वाटलं ती खूश असेल. पण त्यानंतर महिनाभर ती नीट जेवली नाय. बोलायची, आधी वाटायचं असं कुठे होतच नसेल, तेच बरं होतं.

मग जपानी लोकांचं काम संपलं, ते गेले. जिक्राला दुसऱ्या कफीलने, म्हणजे व्हिसावाल्या मालकाने घेतलं, लेबरच्या बसा होत्या त्याच्या. पासपोर्ट त्याच्याकडे. राहायला कॅम्प, एका खोलीत आठ पुरुष, वर खाली पलंग. कडी नाय. कपडे बदलायचे तर बाथरूममध्ये, बाहेर लाइन, दरवाजा वाजवत राहायचे. गाणं गुणगुणायची पण सोय नव्हती. सकाळी अंधारात कामगार भरायचे, लुसैलकडे टॉवरांची कामं निघाली होती तिकडे वाळूत सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. बस रिकामी असली की तेवढं गायची. मेहंदीला मात्र यायची, गुरुवारी सुट्टी करून. आता गाडीच्या जागी बस, पडदे लावलेली.

दोन हजार सातला रुकैयाचाचीच्या धाकट्या पोरीची मेहंदी. चाचीने मला आधीच दम दिला. बोलली, ताहेरा, तुझी बहीण या वेळी आत येणार. एवढी वर्षं आवाज ऐकतोय, बायकांत कसला आलाय पडदा? मला तिच्या हातावर मेहंदी लावायची आहे.

मी जिक्राला सांगितलं आणि बोलली, मी काहीतरी कारण सांगते. ती बोलली, नको सांगू. मी येणार.

मी बोलली, पकडली गेलीस तर? जेल आहे, डिपोर्ट आहे. खलीलची नोकरी जाईल.

ती बोलली, आतमध्ये कोण पकडायला बसलंय? सगळ्या आपल्याच बाया आहेत.

आली. माझा अबाया, नकाब, हातात काळे मोजे. बस लांब लावली आणि चालत आली. मी तिला मध्ये गादीवर बसवली. ती बघत राहिली, सगळ्यांना, नवरीला, पोरींच्या बांगड्यांना. मग गायली. त्या दिवशी तिचा आवाज वेगळाच लागला, तुम्ही पण बोललात तसं. गाणं संपलं तशी चाची मेहंदीचा कोन घेऊन समोर आली. बोलली, मोजे काढ.

तिने मोजे काढले.

ड्रायव्हरचे हात. सुजलेली बोटं, स्टेअरिंगचे घट्टे, मनगटावर केस. चाचीने हात हातात घेतला आणि तशीच थांबली. नकाबातून नुसते डोळे दिसतात. चाचीने त्या डोळ्यांत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.  चाचीने आपला ओढणीचा पदर त्या मनगटावर टाकला आणि मेहंदी लावायला लागली. बाया बोलल्या, चाची, आम्हाला दाखवा. चाची बोलली, सुकू दे, मग बघा. दोन्ही हात भरले. आणि मग सगळ्या ऐकतील अशी बोलली, पुढच्या वेळी नवरीच्या बाजूला बस.

घरी मी साबण घेऊन चोळायला बसली, रंग चढायच्या आत जावा म्हणून. तिने हात ओढून घेतले. बोलली, राहू दे ना.

सकाळी लाल हातांनी बस चालवली. कॅम्पमधली पोरं हसली, काय रेहान, निकाह झाला का? ती बोलली, भाचीची मेहंदी होती, पोरींनी धरून लावली. ते खपलं असतं. पण सुपरवायझरला ती आधीपासूनच डोळ्यांत खुपायची. त्याने कफीलकडे नेलं. कफील बोलला, ड्रायव्हिंग खलास, बसा धुवायच्या. आणि कॅम्पच्या बाहेर जायची परवानगी बंद.

पुढच्या वर्षी आय वारली. कफीलने एक्झिटचा कागद दिल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नाय, त्यासाठी खलील चार वेळा त्याच्या ऑफिसला गेला. इन्शाल्ला, इन्शाल्ला ऐकून परत आला. मी गावाला पोचली, ती नाय. आयला शेवटपर्यंत वाटत होतं की जिक्रा कुठल्यातरी भल्या घरात दिली आहे.

रुकैयाचाची दर मेहंदीला फोन करायची, जिक्राला आण, आत जागा ठेवलीय. दरवाजा उघडा होता आणि आता तिला कॅम्पमधून निघता येत नव्हतं. मग चाचीनेच काढलं, मोबाईलवरून गाऊ दे. जिक्रा कॅम्पच्या मागे, धुवायला उभ्या केलेल्या एखाद्या बसमध्ये शिरायची, काचा लावायची आणि गायची. चाची मोबाईल माइकला लावून धरायची. कार्ड संपलं की आवाज मध्येच तुटायचा, चाची बोलायची, थांबा, ती परत लावेल. आणि ती लावायची. चाचीने तुम्हाला सांगितलेलं की जिक्रा नवऱ्याबरोबर लांब राहते. ते माझ्यासाठी, रागावू नका तिच्यावर.

या जूनमध्ये अबूबकरच्या पोरीची मेहंदी. ऊन किती होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुपारपर्यंत ती बसा धूत होती. संध्याकाळी फोन लावायचा ठरलेला, म्हणून लवकर जाऊन बसमध्ये बसली. एसी चालू करता येत नव्हता, किल्ली सुपरवायझरकडे. काचा लावल्याशिवाय ती गायची नाय, कोणी ऐकेल म्हणून.

दिवस बुडाला, मगरिबची नमाज झाली, फोन आला नाय. चाचीने लावला, रिंग जात राहिली. तुम्ही सगळ्या हात पुढे करून बसलेल्या, मेहंदी ओली, कोणाला टाळी पण वाजवता येईना. चाची बोलत होती, थांबा, ती लावेल. तुम्ही मला विचारलंत, आज जिक्राचं काय झालं? मी बोलली, काय माहीत.

रात्री ती त्या बंद बसमध्येच सापडली, उन्हाने गेलेली. काय झालं ते हे.