थोरांची लहानपणं

"ते सगळं राहू द्या. लहानपणी काय झालं ते बोला."

चष्मा कपाळावर सरकवून, मान तिरकी करून मास्तर एवढंच म्हणत. कोणी सांगे, अमक्या सेनापतीनं एका रात्रीत किल्ला घेतला; मास्तर विचारीत, "बाप मारी का त्याला?" कोणी सांगे, तमके साधुपुरुष देहभान विसरत; मास्तर विचारीत, "अंगावरचं दूध कधी सुटलं?" एका कीर्तनकारबुवांनी तर आमच्या देवळात पाय ठेवण्याआधीच चौकशी केली होती, "ते मास्तर येणारेत का?"

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. असलं तर जपा.

मास्तर आमच्या शेजारीच राहत. रत्नागिरीत शाळेवर इतिहास शिकवीत. कोणा मित्रानं मुंबईहून मनाच्या नव्या शास्त्राचं इंग्रजी पुस्तक पाठवलं आणि मास्तरांचं सनावळ्यांवरचं लक्ष कायमचं उडालं. मला म्हणत, "सातव्या वर्षापर्यंत माणूस घडून होतो, दत्तू. पुढं नुसती उजळणी." त्यांना एकच पुस्तक लिहायचं होतं. आपल्याकडच्या थोरांच्या आयुष्यांची या शास्त्रानं उकल करायची. त्यासाठी ते हयात थोरांना कार्डं धाडीत. लहानपणी कशाची भीती वाटे? कोणाचा हेवा वाटे? असे सात प्रश्न.

चार वर्षांत एकाही थोरानं उत्तर दिलं नाही. पोस्टमनची वेळ झाली की मास्तर पडवीत येऊन उभे राहत. तो पुढं गेला की म्हणत, "कामं असतात रे त्यांना." आतून काकू म्हणत, "त्यांना असतात. तुमचा चहा निवला."

आता इथं माझा प्रवेश. वय पंचवीस, कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं, अंगात नाना कळा. गावात कोणाच्या दारावर भलतीच पाटी लागली तर आधी माझ्याकडे बघत. थोडी गंमत, थोडी कणव, असं करून मीच अक्षर बदलून एका थोराच्या नावानं उत्तर लिहिलं. ज्यांच्या सभेला लोक झाडावर चढून बसत, असे मुंबईचे एक बॅरिस्टर निवडले. आतेभाऊ बोटीनं मुंबईला निघाला होता. त्याच्याकडून तिथल्या टपालपेटीत टाकवलं. मजकूर कुठून आणायचा? पदरचाच घातला. आई मला विहिरीकाठी बसवून 'आलेच' म्हणून गेली आणि विसरली. दिवेलागणीपर्यंत मी तिथंच बसून होतो.

पत्र आलं त्या दिवशी मास्तरांनी मला हाक मारून पडवीत बसवलं आणि वाचून दाखवलं. मी गालाच्या आत जीभ चावून धरलेली. वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "हा माणूस जन्मभर बोलत का राहतो, कळलं? गप्प बसलो तर समोरचे उठून जातील, ही भीती आहे त्याला."

माझं हसू कुठं गेलं, मला कळलं नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "वा, मास्तर," आणि घरी गेलो.

त्यांनी त्या पत्रावर लेख लिहिला, मुंबईच्या मासिकात छापून आला. महिन्याभरात बॅरिस्टरांचा खुलासा आला: असं पत्र आपण लिहिलेलं नाही, आपली आई आपल्या जन्माच्या वेळीच गेली.

गाव हादरलं, मास्तर नाही. "नाकारतात, म्हणजे वर्मी लागलं. आई नव्हती म्हणूनच तर सोडून जाणारी आई मनात रचली."

"मास्तर, ते पत्र मी लिहिलं."

"मला वाचवायला खोटं बोलू नकोस."

शाळेच्या मंडळींनी त्यांना दुसऱ्या दिवशी जाब द्यायला बोलावलं होतं. मग मी त्यांचाच टाक घेतला आणि त्यांच्यासमोर सगळं पत्र पुन्हा लिहून काढलं, त्याच अक्षरात. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ओळ अन् ओळ ताडून पाहिली.

"म्हणजे विहिरीकाठी तू होतास."

मी मान डोलावली.

"वय काय होतं रे?"

"पाच."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, उद्या मंडळींसमोर येऊन सांगतो. ते म्हणाले, "बॅरिस्टरच्या नावानं खोटं पत्र म्हणजे तुझी नोकरी जाईल. घरी म्हातारी आहे." मी आणखी एकदा तरी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लिहून दिलं, की पत्र आपणच रचलं. शाळेतली नोकरी सुटली. पुस्तकाची टिपणं काकूंनी चुलीत घातली. मास्तरच एकेक कागद पुढं करीत होते म्हणे. दोघं हेदवीकडे काकूंच्या माहेरी गेली. तिथं मास्तर मुलांना बाराखडी शिकवीत. तिसऱ्या वर्षी वारले. मी भेटायला गेलो नव्हतो.

आमच्याकडे आता कोणी थाप मारली की म्हणतात, "हे मास्तरांचं पत्र." माझी मुलंही म्हणतात. खरी हकीकत मी आजवर तीनदा सांगितली आहे, एकदा तर भर लग्नाच्या पंगतीत. तिन्ही वेळा मंडळी पोट धरून हसली. "दत्तोपंत, कमाल करता," म्हणाली, "हेही मास्तरांचंच पत्र."