उपरन्याखालची बोटं

“पूस! आत्ताच्या आत्ता पूस तो फोटो!” हेड्यानं माझ्या कॅमेऱ्याचा पट्टाच धरला, आन कडेवरचं लेकरू किंचाळायला लागलं. घोडेगावचा जनावरांचा बाजार, भवती म्हशी, समदी बाप्येमानसं, आन मी एकटी.

हेडी म्हंजे जनावराचा दलाल. हितं भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोघं हातांवर उपरनं टाकत्यात, आन खाली एकमेकाची बोटं दाबून आकडा सांगत्यात. शेजारच्यालाबी कळत न्हाई. पेपरचे साहेब मला म्हनले हुते, “वरच्या उपरन्याचे फोटो समद्यांनीच काढलेत. तू आतली बोटं आन. आनलीस तर काम पक्कं, न्हाईतर जा, लग्नाचे फोटो काढ.” मी नववीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या स्टुडिओत हळदी आन वराती काढून हात बसलेला. मला ते काम लई पायजे हुतं.

लेकराला पाजायला टेम्पोच्या सावलीत खाली बसले, आन खालून बघते तर काय, उपरन्याच्या आत बोटं लख्ख दिसत्यात! काढला फोटो. आन हेड्यानं मला बघितलं.

“बाई, उद्या माझा भाव पेपरात आला तर ह्या बाजारात मला कोन विचारील?”

मागून एक म्हातारा म्हनला, “पोरी, उपरन्याखाली आमी सख्ख्या भावालाबी बघू देत न्हाई. तू तर पार आत शिरलीस की!” समदे हसले. मला मात्र लाज वाटली, खरं सांगते.

त्यांच्या म्होरंच फोटो पुसला. मग कसंबसं म्हनलं, “दादा, आता वरून काढू का? नुस्तं उपरनं?”

“काढ की. त्यात काय घावतंय तुला!”

वरातीत नाचनारी मानसं धुरावानी दिसावीत म्हनून मी शटर हळू ठेवायची. तसंच केलं. दोघं दगडावानी उभे, आन उपरनं तेवढं हलतंय, पोटात लेकराची टाच फिरावी तसं.

फोटो धाडला, तर साहेब फोनवर वरडले, “बोटं कुठंयत?”

“खालीच हायेत, साहेब. ती त्यांची हायेत.”

फोन कट. गेलं काम, वाटलं. तिसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर अर्ध्या पानावर माझं उपरनं! साहेबांचा फोन, “काम पक्कं. आता फुडच्या फोटोला कुठं जातीस, सांग.”

यंदा नगरला माझं प्रदर्शन लागलं. फोटो कागदावर न्हाई, खऱ्या उपरन्यांवर छापले, दोरीवर टांगले. तोच हेडी आला, बायकोला घेऊन. पहिल्याच उपरन्याखाली हात घातला आन म्हनला, “घाल हात, ताई. कितीला देतीस?” मी घातला. कोनती बोटं दाबली ते सांगनार न्हाई.

पन तो पुसलेला फोटो अजून डोळ्यांपुढं येतो. लई झ्याक हुता. कडेवर लेकरू, कॅमेऱ्यात पक्कं काम, आन समोर तो मानूस. तुमी असता तर पुसला असता का?