चव चमच्यानं बघतात

भिवंडीजवळ अंजूरला बाळाराम शेठच्या बंगल्यात ओट्यावर एक काचेचा वजनकाटा आहे. त्यावर शेठची सून, विनिता, बदाम मोजते. सहा बदाम, सात ग्रॅम. रंगूबाईने तो काटा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, शेठ आता सोनं घरीच तोलायला लागले. बदाम तोलतात हे कळल्यावर तिने पाठ फिरवून कढई घासायला घेतली. स्वयंपाकाला लागून तिला तेव्हा चारच दिवस झाले होते आणि चौथ्या दिवशी मालकिणीला हसणं बरं दिसलं नसतं.

रंगूबाई आतल्या बाजूच्या, डोंगराकडच्या गावची. तिथल्या शाळेत तिने अकरा वर्षं पोरांची खिचडी शिजवली. कुठल्या पोराला किती डाव वाढायचा याचं माप तिच्या मनगटात बसलं आहे. पुढे नवरा, दामू, कापडाच्या लूमवर लागला म्हणून दोघं भिवंडीत टेमघरला आली. दामूची लूम बंद पडली, आणि तेव्हापासून घर चालतं ते बंगल्यातल्या या एका कामावर.

बंगल्यातलं काम सांगायला सोपं होतं. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकललेली. साखर उतरली तरच डोळा. म्हणून शेठला थोडं थोडं, बेताचं खाऊ घालायचं.

शेठच्या बापाची खाडीलगत भातशेती होती. तरुणपणी शेठ चिखलणीला उतरायचे आणि वर येऊन चार भाकऱ्या मोडायचे. मग शेतावर गोदामं उभी राहिली. नांगर गेला, भाकऱ्या राहिल्या. आता दिवसभर पांढरा सदरा घालून गोदामाच्या फाटकाशी खुर्चीत बसायचं, आणि भूक मात्र चिखलणीची.

विनितावहिनींनी आधी स्वतःचे उपाय करून पाहिले होते. खण पाडलेलं प्लास्टिकचं ताट आणलं. शेठने ते हॉस्पिटलचं ताट म्हणून स्वयंपाकघरात परत पाठवलं. डाएट चिवड्याची पाकिटं आणली. ती शेठने जेवणानंतर तोंडात टाकायला म्हणून संपवली. मग एकदा वहिनींनी मोबाइलमध्ये बघून रंगूबाईला नाचणीचे गुण समजावून सांगितले. रंगूबाईने अर्धा तास ऐकून घेतलं. तिच्या गावात तांदूळ संपला की लोक नाचणी खायचे आणि पाहुणा आला की ती लपवायचे. तीच नाचणी आता फोनमधून फिरून भिवंडीला परत आली होती.

पण काम तिने मनावर घेतलं. सकाळी वाटीभर नाचणीची आंबील, ताकातली, वर जिऱ्याची पूड. अकराला मूठभर फुटाणे आणि काकडीच्या फोडी. दुपारी जेवणाआधी पेलाभर पातळ ताक, मग शेवग्याच्या पाल्याची भाजी, मुगाचं घट्ट वरण, बोंबलाचा एक तुकडा, आणि सगळ्यात शेवटी तांदळाची एक पातळ भाकरी. भाजी आधी खाल्ली की भाकरी मागायला पोटात जागा राहत नाही, हे तिला कुणी फोनमधून शिकवलं नव्हतं. चारला मोड आलेल्या मुगावर लिंबू. संध्याकाळी दोन धिरडी.

आणि ताट बदललं. मोठं ताट फळीवर चढवून तिने उभ्या काठाची छोटी थाळी काढली, शाळेतल्या पोरांच्या मापाची. छोट्या थाळीत तेवढंच जेवण गच्च भरल्यासारखं दिसतं. शेठला तर नीट दिसतही नव्हतं. ते बोटांनी काठ चाचपायचे, थाळी भरलेली लागली की समाधानाने जेवायचे.

दीड महिन्याने रक्त तपासलं. साखर वाढली होती.

वहिनींनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि नजर सरळ तेलाच्या बरणीकडे गेली. रंगूबाईचा हात सैल आहे, असं त्यांनी नवऱ्याला ऐकवलं, तेही रंगूबाई तिथेच मूग निवडत असताना. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ठाण्याहून डाएटचा डबा येणार, हेही त्याच वाक्यात ठरलं. शेठ शेजारी बसले होते. बाहेर आपण घासभरही जेवलो न्हाय, अशी त्यांनी गळ्यातल्या साखळीला हात लावून शपथ घेतली.

शपथ खरी होती, आणि हेच रंगूबाईला छळत होतं. माणूस खोटं बोलत नाही, तिचा हात सैल नाही, मग साखर येते कुठून?

ते त्याच आठवड्यात जवळच्या राहनाळ गावात कळलं. केसरीनाथ नावाच्या गोदामवाल्याच्या मुलीची हळद होती आणि भाकऱ्या थापायला आणखी हात हवे होते, म्हणून रंगूबाई दुपारची गेली. घरामागे मटणाची पातेली चुलाण्यावर होती. चारच्या सुमाराला गाडी थांबली आणि पांढऱ्या सदऱ्यात बाळाराम शेठ उतरले. सगळे बाजूला झाले. त्यांनी चव घेतल्याशिवाय मीठ बरोबर की नाही हे ठरत नाही, असं आसपासच्या चार गावांनी मानलेलं.

शेठ वाटीभर रस्सा प्यायले. मग दुसऱ्या पातेल्यातला, कारण दोन पातेल्यांचं मीठ सारखं नसतं. मग मटण शिजलं का बघायला चार तुकडे. मग कलेजी, ती वेगळी बघावी लागते. मग भाकरीबरोबर रस्सा कसा लागतो ते, दोन भाकऱ्या. हे सगळं उभ्याने. शेवटी मान हलवून म्हणाले, "मीठ बराबर हाय," आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी तीन हळदी होत्या.

थापता थापता रंगूबाईला शपथेचा उलगडा झाला. शेठच्या हिशेबी जेवण म्हणजे पंगतीला बसणं. उभ्याने झालं ती चव. लग्नसराईत हा माणूस रोज पाच माणसांचं जेवण चाखत होता आणि घरी येऊन मोजलेले सहा बदाम खात होता.

तिने वहिनींना सांगितलं नाही. कामवालीने चुगली केली, एवढंच त्यातून निघालं असतं. ती थांबली.

थांबावं फार लागलं नाही. रविवारी दुपारी भावकीतला हरेश बंगल्यावर आला. त्याच्याकडे हळद होती, पातेली चढली होती, काकांनी चव बघायला यावं. शेठ मुगाची वाटी अर्धी ठेवून उठले. वहिनी काट्यावर बदाम ठेवत होत्या. रंगूबाई स्वयंपाकघरातून आली आणि तिने शेठच्या हातात चहाचा चमचा दिला.

"हा काय?" शेठने विचारलं.

"चव बघायला चाललात ना शेठ. चव चमच्यानं बघतात. अकरा वरसं शाळेत रोज बघितली मी. पोरांना वाढायच्या आधी एक चमचा, मग वहीत सही. चव बघून माझं पोट कधी भरलं न्हाय."

"चव म्हंजे काय जेवन हाय? मी पंगतीला बसतू काय?"

"राहनाळला मीच थापीत होते भाकऱ्या. तुमच्या चवीला दोन गेल्या."

हरेशला हसू आलं. चवीची काकांची वाटी वेगळीच ठेवलीय, चांगली खोल, असं तो कौतुकाने सांगून बसला. वहिनींच्या हातातला बदाम काट्यावर पडला आणि काट्याने एक ग्रॅम दाखवला. मग वहिनी सासऱ्यांना जे बोलल्या ते हरेशने संध्याकाळपर्यंत सगळ्या अंजूरला सांगितलं. रंगूबाईला मात्र त्या एवढंच म्हणाल्या, की मावशी, हे आधी सांगायचं ना. सैल हाताबद्दल काही बोलल्या नाहीत. रंगूबाईने तशी वाटही पाहिली नव्हती. ठाण्याचा डबा आला नाही, हे तिला पुरेसं होतं.

शेठ चवीला अजून जातात. तो मान सोडवत नाही. पण आता सदऱ्याच्या खिशात चमचा असतो, आणि चमचा काढला की माणसं हसतात म्हणून दुसरा चमचाभर मागायची लाज वाटते. तीन महिन्यांत साखर उतरली. वहिनींनी मैत्रिणींना खणांच्या ताटाचा फोटो पाठवला आणि सगळं त्या ताटाने केलं म्हणून कळवलं. ताट माळ्यावर आहे.

डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर शेठ पहिल्यांदा जेवायला बसले, थाळीकडे पाहिलं, हातात उचलून उलटसुलट निरखली.

"रंगूबाय, ही पोरांची थाली कोनी मांडली?"

"पाच महिने तीच हाय शेठ," रंगूबाईने ताकाचा पेला पुढे सरकवला. "आज दिसली."